दुसऱ्या नंबरचा चषक

बरेच दिवस झाले काही लिहून. मध्यंतरी महिनाभर सांगलीला लेकीकडे राहून आले. तिथे एक गोष्ट घडली आणि साताऱ्याला परत आले तरी ती डोक्यातून जाईना. म्हटलं, लिहूनच टाकावी.

माझा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला रिमोटवर उडणारी विमानं करायचं वेड आहे. गच्चीवरची खोली म्हणजे त्याचा कारखाना. फोमच्या शीट, कटर, चिकटपट्ट्या, बोटाएवढ्या मोटरी, आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की खालून लेकीचं ओरडणं, "एक दिवस घर पेटवशील!" सांगलीजवळच्या एका कॉलेजात या विमानांच्या कसरतींची स्पर्धा होती. "आजी, तू यायचंच," म्हणाला. गेले.

बारा मुलं होती. प्रत्येकाला चार मिनिटं. त्यात विमानाने दोन लूप मारायचे, म्हणजे उभ्या कोलांट्या. मग रोल, म्हणजे सरळ जाता जाता स्वतःभोवती गिरकी. मग थोडं उलटं उडायचं आणि नीट उतरायचं. परीक्षक तिघं. एक पाहुणे, एक देणगीदार आणि एक दुसऱ्याच विषयाचे प्राध्यापक. तिघंही मंडपात सोफ्यावर. विमान जरा वर गेलं की मंडपाच्या कापडाआड दिसेनासं व्हायचं. त्यांच्या हातातला कागद मी मागून पाहिला. नावापुढे एकच रकाना, 'शंभरपैकी गुण'. बस्स.

पहिला नंबर लागला विट्याकडच्या एका मुलाचा. विमान साधं पांढरं, एका पंखाला खाकी चिकटपट्टीचं ठिगळ. पण काय उडवलं हो त्याने! मला विमानातलं काही कळत नाही, पण चाळीस वर्षं फळ्यावर हाताने वर्तुळं काढली आहेत, त्यामुळे गोल काय असतं ते कळतं. त्याचा लूप कंपासने काढल्यासारखा होता. टाळ्या मात्र बेताच्याच पडल्या. लोक अजून जागा धरत होते.

आमचे चिरंजीव दहावे. याचं विमान लालभडक, मोटर जोरकस. याने काय केलं, तर शेवटी विमान मंडपावरून इतक्या खालून नेलं की पाहुण्यांनी मानच खाली घातली. एकच जल्लोष! लूप मात्र अंड्यासारखे झाले होते, आणि दुसरा तर सुरू झाला त्याच्या बराच खाली येऊन संपला. निकाल लागला, आमचा दुसरा. विट्याच्या मुलाचं नाव पहिल्या तिघांत नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. आजीच ना मी शेवटी.

येताना गाडीत हा गप्प. घराजवळ आल्यावर म्हणाला, "आजी, तो विट्याचा माझ्यापेक्षा खूप चांगला होता गं."

त्या रात्री त्याने मला कॉम्प्युटरवर या खेळाचे नियम दाखवले. एफएआय नावाची हवाई खेळांची जागतिक संघटना आहे, १९०५ सालची, कचेरी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला. मॉडेल विमानांच्या कसरतींच्या त्यांच्या एका वर्गाला एफ-थ्री-ए म्हणतात. त्यात शंभरपैकी ठोक गुण वगैरे भानगडच नाही. प्रत्येक कसरतीला शून्य ते दहा गुण. दहापासून सुरुवात करायची आणि चूक दिसेल तसे गुण कमी करत जायचे. कोन साधारण पंधरा अंशांनी चुकला की एक गुण गेला. शिवाय प्रत्येक कसरतीच्या अवघडपणाचा एक आकडा ठरलेला असतो, मिळालेल्या गुणांना त्याने गुणायचं. लूप गोल हवा आणि जिथे सुरू झाला तिथेच संपायला हवा. विमान उडवणाऱ्यापासून साधारण दीडशे मीटर लांब, समोरच्या ठरलेल्या चौकटीत उडायला हवं. म्हणजे ज्या करामतीला आमच्याकडे टाळ्या पडल्या, तिला तिथे दंड झाला असता! आणि मुख्य म्हणजे परीक्षकाने एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करायचीच नाही. निर्दोष कसरत कशी असते ते डोळ्यांपुढे ठेवायचं आणि तिच्याशी तुलना करायची.

हे शेवटचं वाचलं आणि मी जरा वेळ गप्पच बसले. कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. आजवर कुणाला सांगितली नव्हती.

नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. साताऱ्यातल्या एका शाळेत आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती, मी परीक्षक. पहिलीच मुलगी खेड्यातून आलेली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. फार छान बोलली. मी तिला बासष्ट गुण दिले. का? तर पुढचे कसे निघतात कोण जाणे, वर जागा राहू दे म्हणून. पुढे अठ्ठावीस जण बोलले. दुपारनंतर माझा हात सैल सुटला, बऱ्यापैकी बोलणाऱ्यांनाही सत्तर-बहात्तर पडू लागले. शेवटी बेरीज करताना माझ्या लक्षात आलं की ती मुलगी नंबरात बसत नाहीये, आणि ते केवळ ती पहिली बोलली म्हणून. खोडून दुरुस्त करता आलं असतं. पण पाहुणे खोळंबले होते, मुलांच्या साडेपाचच्या एसट्या होत्या, आणि खरं सांगायचं तर खाडाखोड केलेला कागद द्यायची मला लाज वाटली. तसाच दिला.

म्हणजे मंडपातल्या त्या तिघांना मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? त्यांनी लबाडी केली नव्हती, मीही केली नव्हती. पण लबाडी नसली म्हणजे न्याय झाला, असं थोडंच आहे?

आपल्या सातारा जिल्ह्याला तर हे चांगलं ठाऊक असायला हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्याआधी निवडीच्या वेळी एका गुणाने त्यांना मागे टाकलं गेलं होतं, आणि दाद मागून पुन्हा कुस्ती लावून घेतली तेव्हा कुठे त्यांची निवड झाली, असं सांगतात. तो एक गुण तसाच राहिला असता तर? २०२५ साली अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. ते चूकच, त्याचं समर्थन नाही. पण निकालावरचा विश्वास उडाला की काय होतं ते सगळ्या राज्याने पाहिलं. परदेशातही हेच. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या जोडी-नृत्यात गुणांवरून एवढा गदारोळ झाला की दुसऱ्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं, आणि पुढे गुण द्यायची पद्धतच बदलली. आपल्याकडे चूक झाली की आपण म्हणतो, "जाऊ दे, हौशी स्पर्धा आहे." अहो, पण मुलगा महिनाभर रात्री जागतो तो काही हौशी नसतो!

असो. नातवाने काय केलं ते सांगते. त्या मुलाचा नंबर मिळवून त्याला फोन केला आणि म्हणाला, "बक्षीस तुझं होतं." पलीकडून उत्तर आलं, "माहितीये." आणि लगेच विचारलं, "तुझी मोटर कुठली रे?" मग तासभर दोघं मोटरीवर बोलत होते. चषक लेकीने कौतुकाने हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवला होता. मी निघाले त्या दिवशी पाहिलं, तर तो गच्चीवरच्या खोलीत होता आणि त्यात स्क्रू ठेवलेले होते.

मागच्या आठवड्यात इथल्या एका शाळेतून बोलावणं आलं, वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून. मी तीन अटी घातल्या. विषय, मांडणी, उच्चार, वेळ यांचे वेगळे रकाने हवेत. पहिलं भाषण शाळेतल्याच एखाद्या मुलाचं, स्पर्धेबाहेरचं हवं, म्हणजे आमचा हात बसेल. आणि निकालानंतर ज्याला हवा त्याला आपला कागद पाहायला मिळाला पाहिजे. सर हसून म्हणाले, "बाई, एवढं कोण बघतंय?"

मी म्हटलं, "मुलं बघतात." त्यांनी मान्य केलंय. बघू.

त्या वेण्यांच्या मुलीचं नाव मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. आता ती पन्नाशीच्या आसपास असेल. बासष्ट गुण मात्र पक्के लक्षात आहेत.