उरलेले आईस्क्रीम : खावे की टाकावे?

एके काळी फ्रीज ही साहेबांच्या घरची वस्तू होती. आज कामगार वस्त्यांतूनही हप्त्याने घेतलेला फ्रीज दिसतो, ही आनंदाची गोष्ट आहे. मुलाच्या वाढदिवसाला किंवा पगाराच्या दिवशी आईस्क्रीमचा मोठा डबा घरी येतो. अर्धा संपतो, अर्धा उरतो. मग प्रश्न पडतो, हे किती दिवस चालेल?

आमचा दिवस कचेरीत आणि संध्याकाळ वस्तीत जाते. घरोघरी बसणे-उठणे असल्यामुळे एक समज वारंवार कानावर येतो, की बर्फात ठेवले म्हणजे जंतू मरतात. हा समज चुकीचा आहे. थंडीने बरेच जंतू मरत नाहीत, नुसते निपचित पडतात. ऊब मिळाली की पुन्हा वाढू लागतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. २०१५ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या आईस्क्रीममधून त्याची लागण १० जणांना झाल्याचे उघड झाले. त्यांतील ३ जण दगावले. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि वृद्ध यांना त्याचा धोका अधिक असतो.

आईस्क्रीमला उणे १८ अंश सेल्सिअस थंडी लागते. एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाच्या छोट्या कप्प्यात ती मिळेलच असे नाही. म्हणून डबा कप्प्यात अगदी आत ठेवावा, दाराजवळ नको. मासळी-मटणाशेजारी उघडा ठेवू नये. झाकणाखाली स्वच्छ प्लास्टिकचा कागद आईस्क्रीमवर दाबून बसवावा, म्हणजे हवा लागत नाही. उष्टा चमचा डब्यात घालू नये. लागेल तेवढे वाटीत काढून डबा लगेच आत ठेवावा आणि महिन्याभरात संपवावा.

बिघडलेले कसे ओळखावे? वर थोडे बर्फाचे कण दिसले तर चव कमी झाली असे समजावे, तेवढ्याने ते अपायकारक होत नाही. पण आईस्क्रीम खाली बसले असेल, डब्याच्या कडेला चिकट ओघळ सुकले असतील, तर ते वितळून पुन्हा गोठले आहे. विकत घेतानाच असे दिसले तर डबा दुकानदाराला परत करावा. आंबूस वास आला तर प्रश्नच नाही, टाकून द्यावे. मात्र वास चांगला म्हणजे माल चांगला, असेही समजू नये. वीज जाऊन आईस्क्रीम वितळले, तर ते पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये. काही जंतूंचे विष गोठवून जात नाही, उकळूनही जात नाही.

धुणीभांडी करणाऱ्या एक भगिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, दीडशे रुपये मोजलेत. टाकायला जीव होत नाही."

त्यांच्या कष्टाची जाणीव आम्हाला आहे. पण आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेबानेच उत्तर दिले. ताई, दीडशे रुपये दुकानात मोजले तेव्हाच गेले. खाल्ल्याने ते परत येणार नाहीत. उलट पोराला जुलाब-उलट्या लागल्या तर डॉक्टरची फी, औषधे आणि घरी बसावे लागले म्हणून बुडालेला दोन दिवसांचा पगार, हे सारे खर्चाच्या बाजूला पडेल.

म्हणून माता-भगिनींनो, एका बैठकीत संपेल एवढेच आणा. मोठ्या डब्यापेक्षा माणशी एक लहान कप बरा. आणि शंका आलीच, तर डब्याची किंमत पाहू नका, मुलाकडे पाहा.