चाळणीला वजन कळत नाही

धारवाडहून गदगच्या पलीकडे गेलं की कप्पतगुड्डाचे डोंगर लागतात. तिथल्या ओढ्यांत सोनं आहे, हे भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली लिहिलं. जलगारांना, म्हणजे आपल्या झारेकऱ्यांना, ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. जोराचा पाऊस ओसरला की ते ओढ्यातला गाळ उपसून लाकडी पन्हळीत धूत. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाई आणि तळाशी काळ्या, जड रेतीत सोन्याचे कण उरत. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू अडीच पटींहून थोडी अधिक. या फरकावर त्यांचं पोट चालायचं. समुद्रही किनाऱ्यावर असंच निवडत असतो. बोटातून निसटलेली अंगठी वाळूत उतरत जाते आणि घट्ट थर लागला की थबकते. लाट हलकं ते उचलून नेते, जड ते मागे ठेवते. म्हणून नाणी, जोडवी, शिशाचे गोळे अनेकदा एकाच पट्ट्यात मिळतात. मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणारा जाणकार आधी हा पट्टा शोधतो, यंत्राचा आवाज नंतर ऐकतो.

किनारा साफ करणारं यंत्र मात्र वजन पाहतच नाही. ट्रॅक्टरमागचं पातं वाळूचा वरचा काही इंचांचा थर उचलून हलत्या जाळीवर टाकतं. बारीक ते खाली गळतं, मोठं ते मागच्या टाकीत जातं. २०११ पासूनचं रुपयाचं नाणं जेमतेम २२ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरही जाड नसलेलं. आडवं पडलं तर जाळीवर अडकेल, उभं राहिलं तर सटकेल. तुटलेल्या मंगळसूत्राची साखळी नायलॉनच्या दोरीत गुंतून टाकीत जाईल आणि सुटलेली वाटी खाली गळेल: दागिन्याचा एक भाग कचरा डेपोत, दुसरा नुकत्याच भुसभुशीत झालेल्या वाळूत, आणखी खोल जायला मोकळा. यंत्रामुळे वस्तू नाहीशा होत नाहीत, त्यांचा ठावठिकाणा नाहीसा होतो, असं माझं म्हणणं आहे. आणि ठिकाणाला मोल आहे. भारतीय करार कायद्याचं कलम ७१ सापडलेल्या वस्तूची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकतं, पण ती कुठे पडली हेच कळेनासं झालं तर मालक गाठायचा कसा? जुन्या नाण्याचं तर विचारूच नका. शेजारी काय होतं आणि किती खोल होतं, हे गेलं की हातात नुसता धातू उरतो.

यावर कुणी म्हणेल, यंत्राने बाटल्यांची बुचं आणि डबे निघाले तर डिटेक्टरवाल्याचं कामच सोपं होतं. कोरड्या वाळूपुरतं हे खरं आहे, मला मान्य आहे. मात्र फाटून बारीक झालेली ॲल्युमिनियमची फॉइल जाळीतून गळतेच आणि पुढेही फसवा आवाज देत राहते. भरतीच्या ओल्या पट्ट्यात यंत्र सहसा जातही नाही. तिथली निवड अजून समुद्राच्याच हातात आहे.

दुसरा आक्षेप जड आहे. गणेशविसर्जनानंतरचा जुहूचा किनारा हाताने कोण साफ करणार? चार अंगठ्यांसाठी लाखो लोकांनी घाणीत चालायचं का? नाहीच. यंत्र हवं. पण साफ किनारा म्हणजे खरवडलेला किनारा नव्हे. वर्सोव्यात २०१५ पासून वकील अफरोज शाह आणि स्वयंसेवकांनी हाताने कचरा उचलला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पडुबिद्रीला आणि होन्नावरजवळच्या कासरकोडला २०२० मध्ये मिळालेल्या ब्लू फ्लॅग या किनाऱ्यांच्या मानांकनाच्या निकषांतही, उपद्रव होत नसेल तर वाहून आलेलं समुद्रशेवाळ किनाऱ्यावर राहू द्यावं, असं आहे. हुबळी-धारवाडहून सुटीला कारवार-गोकर्ण गाठणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी सपाट, पिंजलेल्या वाळूलाच स्वच्छता समजू नये.

म्हणून माझी मागणी लहान आहे. यंत्र फिरण्याआधी गर्दीच्या जागी माणसांना एक फेरी मारू द्यावी. टाकी थेट डंपरमध्ये न ओतता किनाऱ्यावरच ताडपत्रीवर रिकामी करावी, सफाई कामगारांना ती निवडायला पगारी वेळ द्यावा आणि माल कुठल्या पट्ट्यातला, कुठल्या तारखेचा, हे वहीत लिहून ठेवावं. वेळ लागेल, हे उघड आहे. तो वेळ कंत्राटाच्या अटींतच आधी धरला, तर कामगाराला फुकट राबावं लागणार नाही, आणि मंगळसूत्र हरवल्याचं सांगत आलेल्या बाईला कुठली वही उघडायची हे निदान सांगता येईल.