पाऊण मिनिटाचं आकाश

तुम्ही शेवटचं आकाश कधी पाहिलंत? पाऊस येतोय का, वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे का, एवढ्यापुरतं नव्हे. नुसतंच, उभं राहून. दोन वर्षांपूर्वी मला कोणी हे विचारलं असतं, तर मला आठवलं नसतं. माझ्या बाबांना मात्र तारीख सांगता आली असती, कारण गुडघ्यांनी दगा दिला त्या दिवसापासून त्यांचा गच्चीचा जिना बंद झाला होता.

आम्ही जबलपूरला, नेपियर टाउनमध्ये राहतो. भंवरताल बागेपासून चालत जाता येईल असं आमचं जुनं बैठं घर. पूर्वी अंगणात खाट टाकली की सगळं आकाश आपलं असायचं. आता पूर्वेला चार मजली इमारत, पश्चिमेला पाच मजली. मधे उरलीय आकाशाची एक पट्टी. बाबांच्या खोलीच्या खिडकीतून तर तीही दिसत नाही, शेजारची भिंतच दिसते.

बाबांची एक गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. 1960 साली अमेरिकेने ‘इको’ नावाचा एक उपग्रह सोडला होता. उपग्रह कसला, तीस मीटर व्यासाचा चकचकीत फुगाच तो. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. अख्खी गल्ली रस्त्यात उभी राहून वर बघायची आणि एक ठिपका ताऱ्यांमधून चालत जायचा. “कुणी एक शब्द बोलायचं नाही,” बाबा दरवेळी सांगतात, “जसं काही बोललं तर तो थांबेल.”

गेल्या वर्षी माझ्या मुलाने फोनवर एक ॲप घेतलं. आपल्या गावावरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कधी जाणार, कोणत्या दिशेला उगवणार, किती उंच चढणार, हे सगळं त्यात आधीच कळतं. मी ठरवलं, बाबा वर येऊ शकत नाहीत ना, मग आपण फोटो काढून खाली नेऊ.

माझे पहिले फोटो ऐकाल तर हसाल. पहिल्यात हात हलला आणि नुसता पांढरा गोंधळ आला. दुसरा छान आला, पण तो शुक्र निघाला. तिसऱ्यात सुंदर लांब रेघ होती. मुलाने ती मोठी करून दाखवली, तर ठिपक्या-ठिपक्यांची. डुमना विमानतळाकडे जाणारं विमान! लक्षात ठेवा, विमानाचे दिवे लुकलुकतात, म्हणून त्याची रेघ तुटक येते. उपग्रहाची रेघ सलग येते.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर महाग कॅमेरा लागत नाही. फोन हलणार नाही एवढं बघा. स्टँड नसेल तर दोन विटा आणि एक उशीही चालते. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर दहा सेकंद, आयएसओ 200 ते 400 आणि फोकस अनंतावर, म्हणजे डोंगराच्या चित्रावर. फ्लॅश बंद. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोटो हलणार नाही. चौकटीत एखादं झाड किंवा पाण्याची टाकी येऊ द्या, नाहीतर नुसती काळ्यावर पांढरी रेघ दिसते.

आणि वेळ? सूर्य मावळल्यावर साधारण अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण चारशे किलोमीटर वर अजून ऊन असतं. ते ऊन त्याच्यावर पडतं आणि आपल्याला तो दिसतो. पूर्वेकडे उतरता उतरता तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो, जरासा लालसर होतो आणि आकाशाच्या मध्येच विझतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ढग आला. ढग नसतो, तिथे वरही सूर्य मावळलेला असतो.

शेवटी एक फोटो जमला. टाकीच्या वरून निघून कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत गेलेली स्वच्छ, सलग रेघ. मी धावत खाली आले. बाबांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितलं आणि परत दिला.

“छान आहे गं. पण ही रेघ आहे. मी चालणारा ठिपका बघितला होता.”

मला रागच आला. थंडीत तासभर उभी राहून काढलेला फोटो! पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, बाबांचं काय चुकलं? ते फोटो कुठे मागत होते? त्यांना ते जाताना बघायचं होतं.

मग मी आणि मुलाने हिशोब मांडला. अंगणात खुर्ची टाकली, तर दिसणार फक्त ती पट्टी, म्हणजे बरोबर डोक्यावरचं आकाश. स्थानक ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने जातं. डोक्यावर असताना ते सेकंदाला जवळजवळ एक अंश सरकतं. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, तेव्हा एक मूठ म्हणजे दहा सेकंद. मुलाने अंगणात उभं राहून पट्टी मुठींनी मोजली. तिरकं जाणाऱ्या स्थानकासाठी साडेचार मुठी भरल्या. म्हणजे पाऊण मिनिट.

आता हवी होती अशी संध्याकाळ, जेव्हा स्थानक ऐंशी अंशांहून उंच चढेल. ते काही दिवस ओळीने संध्याकाळी दिसतं आणि मग कितीतरी आठवडे दिसत नाही. त्यात बहुतेक वेळा ते बाजूने, कमी उंचीवरून जातं. 2025 च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला अठरा दिवस तिथे होते. बाबा रोज विचारायचे, “आज?” आणि जबलपूरवर पावसाळी ढग.

हिवाळ्यात एक संध्याकाळ आली. खुर्ची, पाठीला लोड, कानटोपी, शाल. बाबांना आणून बसवलं आणि नेमके ढग! पुढची संधी चार दिवसांनी होती. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. पण चौथ्या दिवशी वेळेच्या वीस मिनिटं आधी हाक आली, “अगं, खुर्ची टाकलीस का?”

फोन मी विटांवर ठेवून दिला. पाच मजली इमारतीच्या कठड्यावरून तो ठिपका आत आला. जवळपास कुठेतरी लग्नाचा बँड वाजत होता, रस्त्यावर हॉर्न चालू होते. बाबांनी मान मागे टाकली. मी त्यांचं डोकं मागून धरून उभी होते. आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

ठिपका पलीकडच्या गच्चीआड गेला. थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, “आत माणसं आहेत?”

“हो, सहसा सात असतात.”

“इको यापेक्षा मोठा दिसायचा,” ते म्हणाले. “आणि सावकाश जायचा.”

मी नंतर शोधलं. चमकण्याच्या बाबतीत बाबांची आठवण चुकते आहे, स्थानक इकोपेक्षा जास्त तेजस्वी दिसतं. पण सावकाश जाण्याचं अगदी बरोबर आहे. इको सुमारे 1,600 किलोमीटर उंचीवरून जायचा, म्हणजे जवळजवळ चौपट वर. तो सावकाशच दिसणार. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची चाल बाबांच्या डोळ्यांनी बरोबर जपून ठेवली होती.

इको 1968 मध्ये खाली येऊन वातावरणात जळून गेला. हे स्थानकही कायमचं नाही. 2030 नंतर ते समुद्रात उतरवायचं ठरलं आहे. तेव्हा घरात कुणी जिना चढू न शकणारं असेल किंवा अजून चालायला शिकणारं असेल, तर थोडी घाई करा. ॲपमध्ये ऐंशी अंशांच्या वरची संध्याकाळ शोधा, अंगणात नाहीतर गल्लीत खुर्ची टाका आणि पाच मिनिटं आधी बसा.

त्या दिवशीच्या फोटोत अर्धी रेघ, शेजारच्या गच्चीचा कोपरा आणि खाली बाबांच्या कानटोपीचा हललेला गोंडा आला आहे. स्पर्धेला पाठवण्यासारखा नाही. बाबांनी तो प्रिंट करून मागितला, आणि आता त्यांच्या खिडकीशेजारी लावला आहे.

कालच विचारत होते, “पुढचं कधी?”