वायद्याचा शेवटचा महिना

‘वायदा’ हा शब्द बाभुळगावच्या आमच्या घरात मराठीच्या तासाआधीच येऊन बसला होता. आबाजी एकाधिकार कापूस खरेदीच्या काळातले शेतकरी. “भाव सरकारचा, पैसा वायद्याचा,” असे ते म्हणत. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत धाकधूक दराची नसे, चुकाऱ्याची असे. पुढे आम्ही साहित्य शिकवू लागलो आणि वचन, मुदत, करार असे या शब्दाचे पदर वर्गात हौसेने उलगडू लागलो. बाजारातला पदर मात्र २०२२ च्या हंगामापर्यंत आमच्या हाती लागला नव्हता.

आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेलेला. तो आकडा साऱ्या तालुक्याच्या डोळ्यांत होता. सीतादही झाले, वेचणी झाली आणि कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचला गेला. विकावा की थांबावे, एवढाच प्रश्न होता.

त्याच सुमारास पॉल सॅम्युएल्सन यांचा १९६५ चा सिद्धान्त आमच्या वाचनात आला. वायद्याची मुदत दूर असते तेव्हा त्याचा भाव शांत असतो; मुदत जवळ येते तसा तो अस्वस्थ होतो. कारण साधे आहे. आज अवकाळी पाऊस पडला, तर दूरच्या महिन्याला सावरायला अवधी असतो: नवी पेरणी, नवा माल, दुसरीकडची आवक. जवळच्या महिन्याला तो नसतो. बातमीचा सगळा धक्का त्यालाच सोसावा लागतो.

बाबांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, “पऱ्हाटीले पातं असतानी पाऊस आला तं चालते. बोंड फुटल्यावर थेंब नाही चालत.”

सिद्धान्त त्यांना आमच्याआधी कळला होता. आम्हाला कळला तो उलटा. हेलकावे वाढणार म्हणजे भाव वाढणार, असा अर्थ आम्ही काढला आणि ‘थांबा’ म्हणालो. हेलकाव्याला दिशा नसते, हे शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाच्या ध्यानात येऊ नये! शिवाय जानेवारी २०२३ पासूनच्या कापूस वायद्यांत नवे सौदे ऑगस्ट २०२२ मध्येच थांबवले गेले होते. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या अटींसह पुन्हा सुरू झाले. ज्या फलकाच्या भरवशावर आमचे प्रवचन चालले होते, तो बराच काळ जवळजवळ कोराच होता.

भाव उतरत गेला. खोलीत कापूस वाळून हलका होत होता, अंगाला खाज सुटत होती. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसा हवा म्हणून तो सात हजारांच्या आसपास गेला.

पुढच्या अभ्यासकांनी हा परिणाम शेतमालात ठळक आणि आर्थिक वायद्यांत क्षीण असल्याचे दाखवले आहे. साठा भरपूर असला की जवळचा धक्का दूरच्या महिन्यांनाही लागतो, असेही त्यांचे म्हणणे. हे आम्ही नंतर वाचले.

काटा झाला तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, “तुह्या कागदात घरात ठेवलेल्या कापसाचं काही होतं का?”

आम्ही खराटा घेऊन खोली झाडायला गेलो.