आधी चार पानं वाच

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात सगळ्या कादंबऱ्या सारख्याच दिसायच्या. पुस्तक आलं की मुखपृष्ठ निघायचं, तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी व्हायची आणि पाठीवर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक पडायचा. कादंबरी निवडायची म्हणजे शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची. शिक्के जास्त, म्हणजे पुस्तक चांगलं. एवढीच माझी समज होती आणि ती घेऊनच मी पुण्याला कॉलेजात आले.

अप्पा बळवंत चौकात मी पहिल्यांदा गेले ती क्रमिक पुस्तकांसाठी. जूनमधली गर्दी, गाइडांचे गठ्ठे, याद्या हातात धरून उभे असलेले पालक. त्या गर्दीतल्या एका छोट्या दुकानात आतल्या बाजूला कादंबऱ्यांचं टेबल होतं. तिथे काका असायचे. ते मालक नव्हते, पगारी विक्रेते होते. मी त्यांना म्हटलं, "चांगली कादंबरी द्या." त्यांनी विचारलं, "चांगली म्हणजे कशी?" मला उत्तर देता येईना. त्यांनी टेबलावरून एक पातळसं पुस्तक उचललं आणि म्हणाले, "मागचा मजकूर वाचू नकोस. आधी चार पानं वाच. उभ्यानं वाच, कुणी काही म्हणणार नाही."

ती विश्राम बेडेकरांची 'रणांगण' होती. 1939 साली आलेली, बेडेकरांची एकमेव कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावरचा चक्रधर आणि ज्यू मुलगी हॅर्टा. कादंबरी म्हणजे तीन पिढ्या आणि पाचशे पानं, अशी माझी कल्पना. एवढ्याशा पुस्तकात अख्खं युद्ध दाराशी येऊन उभं राहतं, हे मला त्या टेबलाशी उभी असताना कळलं. पैसे पुरेसे नव्हते. काकांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि महिना उलटल्यावर मी गेले तेव्हा ते तसंच ठेवलेलं होतं.

कादंबरी हातात कशी धरायची, हे त्यांनी मला शिकवलं असं मी म्हणते ते अगदी शब्दशः. मुखपृष्ठ बघून झालं की ते शीर्षकपानाच्या मागचं पान उघडायला लावत. प्रकाशक कोण, छपाई कुठली, मुखपृष्ठ कुणाचं, पहिली आवृत्ती कधीची, नंतर नुसतं पुनर्मुद्रण झालंय की लेखकानं हात फिरवलाय. त्या बारीक टायपातून ते पुस्तकाचं घराणं वाचत. 'मौज' दिसलं की श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर कसे बसत ते सांगत. 'कोसला'ची प्रत हातात आली की ती 1963 साली देशमुख आणि कंपनीनं काढली हे सांगत. एका नव्या मुलाच्या पहिल्या कादंबरीमागे प्रकाशक उभा राहिला, याचं त्यांना फार अप्रूप होतं. मग पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं आणि संवाद वाचायचे. सगळी माणसं एकाच आवाजात बोलत असली तर पुस्तक परत टेबलावर ठेवायचं. ही कसोटी मी आजही लावते आणि ती क्वचितच चुकते.

पण मला घडवलं ते कमल देसाईंच्या पुस्तकानं. 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई', एका पुस्तकात दोन छोट्या कादंबऱ्या. बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या म्हणजे घर, सासर आणि सोसणं, असं मी काकांना बोलून गेले होते, त्यावर त्यांनी हे दिलं. मी वाचलं आणि परत जाऊन सांगितलं, "कळलं नाही." मला वाटलं ते समजावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठपर्यंत कळलं?" मी पान दाखवलं. "मग तिथून मागे जा." मी मागे गेले, पुन्हा त्याच पानाशी अडले, पुन्हा मागे गेले. न कळणं ही आपली लाज नाही, तिथून वाचन सुरू होतं, हे मला एकाही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मी शिक्षिका झाले. "कळलं नाही" म्हणणाऱ्या मुलाला मी आजवर रागावले नाही, त्याचं श्रेय माझं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मुंबईला होते. शनिवारी फोर्टात स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये जायची. टी. एन. शानभागांनी 1948 साली स्ट्रँड सिनेमागृहात दोन कपाटांपासून सुरू केलेलं ते दुकान. तिथल्या इंग्रजी कादंबऱ्यांपुढे बुजून न जाता उभी राहू शकले, कारण शीर्षकपानाच्या मागचं पान तिथेही होतंच. 2018 साली स्ट्रँड बंद झालं, तेव्हा काकांना फोन केला. ते बराच वेळ भाड्याबद्दल आणि कमिशनबद्दल बोलत राहिले. गाइड एका जूनमध्ये खपतं, हजार प्रतींची कादंबरी खपायला वर्षं लागतात आणि तेवढा काळ तिला टेबलावर जागा द्यायची म्हणजे कुणाच्या तरी खिशातून ती जागा जाते. मी उभ्यानं फुकट वाचलेल्या पानांची किंमत कोण भरत होतं, ते त्या दिवशी नीट उमगलं.

अनोळखी लेखकाची पहिली कादंबरी विकत घ्यायची, हा त्यांचा आग्रह. "नावाजलेल्याला वाचक मिळतात, याला आत्ता हवेत." म्हणूनच कृष्णात खोतांची 'गावठाण' माझ्या घरात कधीची आहे. 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मला एखाद्या ओळखीच्या घरची बातमी ऐकल्यासारखं झालं. ती ओळख काकांनी करून दिलेली.

आता त्यांच्या डोळ्यांना बारीक टाइप झेपत नाही. दुकान सोडून बरीच वर्षं झाली. नवी कादंबरी आली की मी त्यांना फोनवर पहिली चार पानं वाचून दाखवते. परवा एका तरुण लेखकाची पहिलीच कादंबरी वाचत होते. तिसऱ्या पानावर त्यांनी थांबवलं. "हे वाक्य त्या म्हातारीचं नाही, लेखकाचं आहे." वाक्य खरंच लेखकाचं होतं. तरी मी पुस्तक घेतलंय. म्हातारी पुढे, बाजाराच्या प्रकरणात, स्वतःच्या तोंडानं बोलायला लागते असं माझं मत आहे. ते प्रकरण येत्या रविवारी त्यांना वाचून दाखवणार आहे.