स्वखुशीने

धामणकर नाक्याजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बायका पोलिसांना द्यायचे अर्ज टाइप करायला येतात. पहिला अर्ज, नवरा मारतो. आठ-पंधरा दिवसांनी दुसरा: ‘आमचा आपसात समेट झाला असून माझी काहीही तक्रार नाही. सदर अर्ज मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाखाली न येता देत आहे.’ हा मजकूर माझ्याकडे तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं.

म्हणूनच श्रद्धा वालकरची बातमी आली तेव्हा मी पोलिसांची बाजू घेतली होती. जोडीदार मारतो, तुकडे करीन म्हणतो, असं तिने २३ नोव्हेंबर २०२० रोजी तुळिंज पोलिसांना लिहून दिलं होतं. पुढच्याच महिन्यात तक्रार नाही असंही लिहून दिलं. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तो उघड झाल्यावर गृहमंत्री फडणवीसांनी त्या पत्राच्या चौकशीचं जाहीर केलं, तेव्हा मी म्हणालो, तिनेच तक्रार मागे घेतली तर पोलीस काय करणार? मला ते मनापासून पटत होतं.

नंतर एक बाई तिसऱ्यांदा दुकानात आली. हाताला प्लास्टर. “दादा, माझा पहिला अर्ज आहे का अजून?” होता. पोलीस ठाण्यात तिला सांगितलं होतं, मागे घेतल्याच्या अर्जावर तुझीच सही आहे. तो दुसरा अर्ज मला चांगला आठवत होता. तिचा दीर खुर्चीमागे उभा राहून एकेक वाक्य सांगत होता. ती एक शब्द बोलली नव्हती. आणि मी टाइप केलं होतं, कोणाच्याही दबावाखाली न येता.

त्यानंतर वकिलांसाठी प्रती काढतो ते कागद मी वाचू लागलो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम ५ सांगतं की पोलिसांनी बाईला तिचे हक्क समजावून द्यायचे. कोर्टाच्या संरक्षण आदेशात सोपवलेल्या कर्तव्यात कसूर केली तर संरक्षण अधिकाऱ्याला कलम ३३ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसाला त्या कायद्यात तशी शिक्षाच नाही. २०१३ मध्ये गुन्हा न नोंदवणाऱ्या पोलिसाला शिक्षा आली, पण ज्या कलमांसाठी आली त्यांत नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचं ४९८अ नव्हतं. बलात्काराची तक्रार नाकारणारा अडकतो. नवऱ्याच्या मारहाणीची नाकारणाऱ्याला ती शिक्षा लागत नाही. हे वाचून मला संताप आला, अजून येतो.

तुर्कस्तानच्या नाहिदे ओपुझनेही तक्रारी वारंवार मागे घेतल्या होत्या. नवऱ्याने २००२ मध्ये तिच्या आईला गोळी घालून मारलं. २००९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तुर्कस्तानलाच जबाबदार धरलं. बाई धमक्यांमुळे माघार घेते, धोका तसाच राहतो, तेव्हा कारवाई थांबवायची नसते, असा त्या निकालाचा रोख. आता माझंही हेच मत आहे. माघारीचा अर्ज हातात पडला की पोलिसाचं काम वाढतं. ते त्याने टाळलं आणि बाई मेली, तर त्याला कोर्टात उभं करायला हवं.

तो तयार मजकूर मी काढून टाकला. आता सोबतच्या माणसाला आधी बाहेर पाठवतो आणि तिला एकटीला विचारतो. पहिल्या अर्जाची एक जादा प्रत देतो, तिच्यावर पोच घे म्हणून बजावतो. परवा एकजण चिडून बायकोला शेजारच्या दुकानात घेऊन गेला. तिथे तिचा अर्ज दहा मिनिटांत टाइप झाला.