बफेलोचा बर्फ आणि मागच्या चाकांची गाडी

नायगारा धबधबा पाहायला अमेरिकेत जाणारी भारतीय मंडळी बहुधा उन्हाळ्यात जातात. निळा रेनकोट चढवून बोटीतून तुषार अंगावर घेतात, फोटो काढतात आणि परततात. तिथून मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर असलेले बफेलो शहर अनेकांना फक्त विमानतळापुरतेच माहीत असते. पण या शहराची खरी ओळख करून घ्यायची तर हिवाळ्यात जायला हवे, आणि तेही गाडी चालवत. गाडी जुनी, ऐटबाज आणि मागच्या चाकांवर चालणारी असेल तर मग विचारायलाच नको!

तसे पाहिले तर बफेलो आणि मोटार यांचे नाते जुने आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९३८ पर्यंत पिअर्स-अॅरो या श्रीमंती गाड्या इथेच बनत. १९०९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या दिमतीलाही या गाड्या होत्या. पावसात काचेतून नीट न दिसल्यामुळे एका सायकलस्वाराला धक्का लागला, या अनुभवातून जॉन ओईशेई यांनी १९१७ मध्ये वायपर बनवणारी ट्रायको कंपनी उभी केली, तीही याच शहरात. हवामानाशी झगडत गाडी हाकणे बफेलोच्या अंगवळणीच पडले आहे.

सरोवर बर्फ पाठवते

बफेलोत वर्षाला सरासरी सुमारे ९५ इंच, म्हणजे जवळजवळ आठ फूट बर्फ पडतो. याचे कारण शेजारचे एरी सरोवर. नोव्हेंबरात हवा गोठू लागते, पण सरोवराचे पाणी अजून उबदार असते. नैर्ऋत्येकडून येणारा थंड वारा सरोवराच्या लांबीवरून वाहताना बाष्प उचलतो आणि किनारा लागताच ते बर्फरूपाने टाकून देतो. हा बर्फ अरुंद पट्ट्यातच पडतो. त्यामुळे एका वस्तीत घरे बुडालेली आणि काही किलोमीटरवर चक्क ऊन, असा चमत्कार इथे दिसतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेमके हेच घडले. शहराच्या उत्तर भागात काही इंचच बर्फ होता, तर दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक! महामार्गावर वाहने जागच्या जागी रुतली. नायगारा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची बस तर चोवीस तासांहून अधिक काळ अडकून पडली होती. कोरड्या रस्त्याने निघालेला चालक दहा मिनिटांत पांढऱ्या भिंतीत कसा शिरतो, हे यावरून लक्षात यावे.

स्वस्तात ऐट

इथल्या विद्यापीठात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. त्यांत मराठी मुलेमुलीही असतात. नोकरी लागली की पहिली गरज गाडीची. नव्या श्रीमंती गाडीची किंमत काही वर्षांतच झपाट्याने उतरते. त्यातून बर्फाच्या प्रदेशात चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीला मागणी जास्त, म्हणून मागच्या चाकांची बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऐसपैस लिंकन टाउन कार त्यामानाने स्वस्तात मिळते. चामड्याच्या गाद्या, सीटखाली ऊब आणि घरी पाठवायला झकास फोटो! मोह कोणाला होणार नाही?

आपल्याकडची अॅम्बेसेडर आणि पद्मिनीही मागच्या चाकांवरच चालत असत. इंजिन पुढे, ओढ मागे. पावसाळ्यात चिखलात त्यांची मागची चाके जागीच फिरताना अनेकांनी पाहिली असतील. बर्फात तेच घडते, फक्त अधिक वेगाने. इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर, तर जोर लावायचे काम हलक्या मागच्या चाकांवर. वळणावर अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. इंजिन जितके ताकदवान तितका हा धोका मोठा. म्हणजे ज्या गुणासाठी गाडी घेतली, तोच इथे दोष ठरतो.

टायर आधी, गाडी मागाहून

मग अशी गाडी इथे चालतच नाही का? चालते, पण तिचे लाड पुरवावे लागतात. पहिला उपाय म्हणजे हिवाळी टायर. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होते, हिवाळी टायरचे मऊ राहते आणि रस्ता धरून ठेवते. असे टायर चारही चाकांना हवेत. फक्त मागे बसवले तर गाडी निघेल, पण वळणार आणि थांबणार कशी? थंडीने टायरमधील हवेचा दाबही घटतो, म्हणून तो वरचेवर तपासावा लागतो.

दुसरा उपाय अगदी घरगुती. डिकीत मागच्या चाकांच्या वर वाळूची पोती नीट बांधून ठेवायची. वजनाने चाके रस्त्याला टेकतात आणि गाडी रुतलीच तर तीच वाळू चाकांखाली टाकता येते. अनेक जण पहिला बर्फ पडला की रिकाम्या, मोकळ्या जागेत सराव करतात. शेपटी घसरली की ब्रेकवर पाय न मारता अॅक्सिलरेटर सोडायचा आणि जिकडे जायचे तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळुवार वळवायचे. पाय हलका ठेवण्याची ही सवय मग आयुष्यभर उपयोगी पडते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. चारही चाकांना शक्ती असलेली गाडी बर्फातून लवकर निघते, पण लवकर थांबत नाही. थांबायची वेळ आली की सगळ्यांचे भवितव्य टायरच्याच हाती!

बाहेर पडावे की नाही?

आणि काही दिवशी टायरही कामाचे नसतात. २३ डिसेंबर २०२२ रोजी, नाताळच्या तोंडावर, बफेलोवर भयंकर हिमवादळ आले. वाहनबंदी सकाळी साडेनऊला लागू झाली. तोवर अनेक जण कामावर निघून गेले होते, त्यामुळे या उशिरावर पुढे बरीच टीका झाली. रुग्णवाहिका आणि बंबसुद्धा बर्फात अडकले. चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील काही जण आपापल्या गाड्यांतच सापडले. १९७७ च्या हिमवादळातही अनेकांचा असाच अंत झाला होता.

म्हणून इथल्या गाड्यांत घोंगडी, फावडे, टॉर्च आणि खाऊ असतो. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ दिली जात नाही. अडकल्यास गाडी सोडून चालत सुटायचे नाही. इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवायचे, पण त्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा आणि काच किंचित खाली ठेवायची. नाहीतर विषारी वायू आत साचून झोपेतच जीव जातो. ऐट आणि ऊब देणारी गाडी अशा वेळी सापळा ठरू शकते. म्हणून निघण्याआधी आकाशवाणीवरचा किंवा फोनवरचा हवामानाचा इशारा ऐकणे आणि गरज नसेल तर किल्ली खुंटीवरच राहू देणे, हीच इथली खरी चालककला समजली जाते.

एप्रिलमध्ये बर्फ ओसरतो. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पत्रा गंजू नये म्हणून गाड्या खालून धुतल्या जातात, हिवाळी टायर उतरवून तळघरात रचले जातात, डिकीतली वाळू बाहेर येते. आणि नायगाऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांना आणायला तीच जुनी, मोठी गाडी पुन्हा ऐटीत विमानतळाकडे निघते.